भरतीच्या घड्याळावर

पणजीला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी पर्यटकांच्या फोटोंत ती असते. सांता मोनिकाच्या धक्क्यावरून काढलेल्या मांडवीच्या फोटोत मागे एक लांबट, बसकी, तांबूस बोट. मागच्या टोकाला दोन मजली केबिन, पुढे नुसता उघडा हौद, आणि भरलेली असली तर काठ जेमतेम पाण्यावर. ती बार्ज. गोव्याच्या नद्यांवर अर्धशतकाहून अधिक काळ लोहखनिज वाहून नेण्याचं काम तिने केलं आणि तिच्यावरच्या माणसांनी त्या नद्या कोणत्याही नकाशापेक्षा बारकाईने ओळखल्या. आज त्या ओळखीचं पुढे काय होणार, हा प्रश्न आहे.

घाटावरच्या वाचकाला नदी आणि गोदी हे शब्द एकत्र ऐकायची सवय नसते. पंढरपूरच्या चंद्रभागेत होड्या चालतात त्या भाविकांना पैलतीरी नेण्यापुरत्या. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. राक्षसभुवनला तिच्या काठी तीर्थ आहे, घाट आहे, मालाचा धक्का नाही. कारण साधं आहे. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांची डबकी होतात. सह्याद्रीच्या पश्चिमेला मात्र नदीला समुद्र भरतो. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरतं आणि पाऊस नसलेल्या महिन्यांतही पात्रात तरंगण्याइतकी खोली ठेवतं. मांडवी कर्नाटकातल्या भीमगडाजवळ उगम पावते, तिथे आणि सत्तरीत ती म्हादई असते. खाली उतरून तिला भरतीचं पाणी भेटलं की ती वाहतुकीची नदी होते. दक्षिणेकडच्या झुआरीचंही तसंच. या दोन नद्यांना मधे जोडतो कुंभारजुव्याचा कालवा. तीन जलमार्गांची ही जोडणी निसर्गाने खाणींच्या पायथ्याशी आणून ठेवली होती.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिज आहे हे पोर्तुगीज काळातच माहीत होतं. धंदा उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानचे पोलाद कारखाने पुन्हा पेटू लागले तेव्हा. 1950 च्या दशकात भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. जमिनीवरचा व्यापार आटला, पण खनिज जहाजाने थेट परदेशी जात होतं, त्यामुळे गोव्याच्या तिजोरीचा भार त्याच्यावर आला. सुरुवातीला माणसं पाट्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत आणि गलबतांत खनिज ओतत. मागणी वाढली तशी लोखंडी, इंजिनाच्या बार्जी हव्या झाल्या. वास्कोची गोदी 1957 मध्ये ‘इस्तालेरोस नाव्हाइस द गोवा’ या नावाने सुरू झाली ती खाणधंद्याला बार्जी बांधून देण्यासाठी. आज नौदल आणि तटरक्षक दलासाठी जहाजं बांधणारी गोवा शिपयार्ड ती हीच. पुढे झुआरीकाठी रासईला आणि मांडवीच्या बेटांवरही बार्जी बांधणारी, दुरुस्त करणारी छोटी-मोठी यार्डं उभी राहिली. वेल्डर, फिटर, सुतार, रंगारी अशा कितीतरी माणसांचं पोट नदीच्या कडेला लागलं.

यंत्र म्हणून बार्ज अगदी सरळ आहे. सपाट तळ, मोठा हौद, मागे इंजिन, दोन पंखे. सपाट तळामुळे ती कमी पाण्यात तरंगते आणि ओहोटीत गाळावर टेकली तरी कलंडत नाही. पहिल्या बार्जी काही शे टनांच्या होत्या. पुढे दोन हजार टनांची बार्ज ही नेहमीची गोष्ट झाली. दहा टनी टिप्पर धरला तर अशी एक बार्ज दोनशे ट्रकांचा माल एका खेपेत नेते. खाणीपासून नदीकाठच्या जेटीपर्यंत टिप्पर, जेटीपासून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, तिथून पुढे जहाज अशी साखळी होती. मांडवीच्या बाजूला उसगाव, आमोणे, सारमानस, वळवई आणि झुआरीच्या बाजूला सावर्डे, शेळवण ही नावं गोव्याबाहेर फारशी कोणी ऐकली नसतील, पण खाणव्यवसायात ती रेल्वे जंक्शनइतकी महत्त्वाची होती.

भरणं हे काम बाहेरून पाहणाऱ्याला नुसतं ओतणं वाटतं. खनिजाचा ढीग आकाराने लहान आणि वजनाने प्रचंड असतो. हौद अर्धाही भरलेला दिसत नाही आणि बार्ज काठापर्यंत बुडालेली असते. पुढे जास्त पडलं तर नाक खाली जातं आणि सुकाणू ऐकत नाही, एका कुशीला जास्त पडलं तर ती झुकते. म्हणून जेटीवर माल पडत असताना बार्ज पुढे-मागे सरकवत राहावी लागते. दोर सोडायचे, ओढायचे, पुन्हा खुंट्याला वेढे द्यायचे, आणि सगळा वेळ एक डोळा बाजूवर रंगवलेल्या बुडीच्या खुणांवर ठेवायचा. पावसाळ्याच्या तोंडाला आणखी एक धोका वाढतो. खनिजाची बारीक पूड प्रमाणाबाहेर ओली असली तर हादऱ्यांनी तिचा चिखल होतो आणि तो पाण्यासारखा एका बाजूला धावतो. 2009 च्या पावसाळ्यात मंगळूर आणि पारादीप इथे खनिजाची पूड भरलेली दोन मोठी जहाजं बुडाली, तेव्हा साऱ्या जगाच्या जहाजवाहतुकीत या गोष्टीची चर्चा झाली.

खरं कसब सुरू होतं दोर सुटल्यावर. भरतीच्या दोन माथ्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात. त्यामुळे आज सकाळी आठला भरलेली नदी उद्या पाऊण-एक तास उशिरा भरते. बार्जवरच्या माणसांचं घड्याळ हे. जेवण, झोप, पाळी, सगळं त्याच्यामागे. भरलेली बार्ज खाली न्यायची तर ओहोटीचा ओघ मदत करतो, डिझेल वाचतं, वेळ वाचतो. पण ओहोटी म्हणजे तळाखालचं पाणी दर मिनिटाला कमी होणं. लवकर निघालं तर चढत्या पाण्याशी झुंजायचं, उशीर केला तर वाटेतल्या रेतीच्या पट्ट्यावर बसायचं आणि पुढच्या भरतीची वाट पाहायची. म्हणून भरतीचा माथा गाठून निघायचं आणि उथळ जागा पाणी उतरायच्या आत मागे टाकायच्या. रिकामी बार्ज वर नेताना अडचण उलटी होते. ती पाण्यावर उंच उभी राहते, वारा तिला लोटतो आणि पुलाखालून जाताना भरतीचं जास्तीचं पाणीच डोक्याशी येतं.

यातही रोजची भरती सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं की पाणी भरपूर, पण ओढही जबर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी, पण माथाही बुटका. उधाणात ज्या पट्ट्यावरून पूर्ण भरून जाता येतं तिथे भांगाला चार-पाच इंच कमी भरावं लागतं. मालकाला प्रत्येक इंचाचे टन दिसतात आणि सुकाणूवरच्या सारंगाला प्रत्येक इंचाचा तळ. या दोघांमधली ओढाताण हाही या नोकरीचा भाग होता.

पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद होतं. आग्वादच्या किल्ल्याखाली, नदी समुद्राला मिळते तिथे रेतीचा बांध आहे. नैऋत्येचा वारा सुरू झाला की त्यावर लाटा फुटतात आणि बार्जीला ती वाट मना होते. अशा वेळी मांडवीतली बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळून झुआरीत उतरते आणि तिथून मुरगाव गाठते. कालवा अरुंद आहे, वळणं आहेत, समोरून दुसरी बार्ज आली तर कोणी थांबायचं हे आधी ठरावं लागतं. दोन्ही काठांना खारफुटी आणि चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी. पर्यटक हल्ली त्या मगरी बघायला पैसे देऊन होडीत बसतात. बार्जवाल्यांना त्या फुकट दिसत, आणि दोर सोडवायला पाण्यात उतरायचं नाही हा नियमही त्यांनीच शिकवला.

बार्जवरचा संसार लहान असतो. सारंग किंवा मास्टर सुकाणूवर, इंजिनावर ड्रायव्हर, दोर-नांगराला खलाशी, चुलीपाशी भंडारी. सगळे तिथेच राहतात, तिथेच जेवतात. भात, आमटी, आणि नांगरावर असताना गळाला जे लागेल ते. खनिजाची तांबडी धूळ कपड्यांत, केसांत, भांड्यांत बसते आणि कितीही धुतली तरी बनियनचा मूळ रंग परत येत नाही. रात्री पत्र्याची केबिन गार होते, दुपारी तापते. इंजिनाचा आवाज चालू असताना झोप लागते आणि तो अचानक थांबला की सगळे जागे होतात, कारण थांबलेल्या इंजिनाचा अर्थ नदीवर नेहमी वाईट असतो. घर अर्ध्या तासाच्या अंतरावर दिसत असूनही रजेशिवाय तिथे जाता येत नाही, हे या नोकरीचं एक वेगळंच दुखणं.

मुरगावला पोचल्यावर रांग. 1979 मध्ये तिथे यांत्रिक खनिज हाताळणी प्रकल्प सुरू झाला. यंत्रं बार्जीतून खनिज उपसत, पट्ट्यांवरून ते यार्डात आणि तिथून जहाजात जाई. जी जहाजं धक्क्याला लागण्याइतकी आत येऊ शकत नसत ती बाहेर नांगरून उभी राहत आणि बार्ज त्यांच्या कुशीला लावावी लागे. तिथे नदीचं शहाणपण पुरत नसे. समुद्राची लाट दोन वेगवेगळ्या वजनांच्या बोटींना वेगवेगळ्या तालात उचलते. दोर ताणतात, मध्ये टांगलेले टायर किंचाळतात आणि वरून ग्रॅबचा जबडा हौदात उतरत असतो.

2000 नंतर चीनची मागणी आली आणि धंदा वेडापिसा झाला. 2010-11 मध्ये गोव्यातून गेलेलं लोहखनिज 5 कोटी टनांच्या पुढे पोचलं. कर्ज काढून बार्जी घेतल्या गेल्या. याचा हिशेब काठावरच्या गावांनी वेगळा मांडला. गोव्याची खाजनं म्हणजे भरतीच्या पातळीखालची, मातीच्या बांधांनी राखलेली शेतं. बार्जींच्या लाटांनी बांध झिजतात, खारं पाणी शेतात शिरतं, मच्छीमारांची जाळी फाटतात, पात्रात खनिजाचा गाळ बसतो, या तक्रारी जुन्या होत्या आणि खऱ्याही होत्या. बार्जवर मुलगा आणि खाजनात बाप अशी घरंही या काठांवर असणारच. त्यांना या प्रश्नाची एकच बाजू घेणं कधी शक्य नव्हतं.

सप्टेंबर 2012 मध्ये न्या. शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला. बेकायदा उत्खननावर त्याने बोट ठेवलं. तीनच दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन आणि वाहतूक दोन्ही रोखली. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेसह बंदी उठली. 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा बंद पडल्या. बार्जी नांगरावर उभ्या राहिल्या. उभी बार्ज चालत्या बार्जपेक्षा लवकर गंजते. पहारा, पंप, रंग यांचा खर्च सुटत नाही आणि उत्पन्न मात्र शून्य. कित्येक भंगारात गेल्या. 2022 मध्ये नव्याने लिलाव झाले आणि 2024 मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झालं, पण मधली वर्षं भरून निघालेली नाहीत.

ही वर्षं पैशांपेक्षा माणसांच्या हिशेबात जास्त महाग पडली आहेत. सारंग किंवा मास्टरचा परवाना मिळायला परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षेला बसायला बोटीवर प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे खातं आहे, ब्रिटोनाला त्याची सागरी शाळाही आहे. पण शाळा नियम शिकवते, दिवे शिकवते, शिट्ट्यांचे अर्थ शिकवते. बोटी उभ्या असतील तर खलाशाची सेवा भरत नाही, सेवा भरली नाही तर तो सारंग होत नाही, आणि जुना सारंग निवृत्त होतो तेव्हा त्याच्याजवळ उभं राहून शिकलेला कोणी नसतो.

दुसरीकडे 2016 च्या कायद्याने देशातल्या 111 जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यात कुंभारजुवे 27 क्रमांकावर आहे, मांडवी 68 वर आणि झुआरी 111 वर. या मार्गांवरून काय न्यायचं यावर गोव्यात जोरदार वाद आहे. कोळशाला लोकांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. पण उद्या माल ठरला, प्रवासी ठरले किंवा नुसते पर्यटक ठरले, तरी बोट चालवणारा माणूस लागणारच. म्हणून जे सारंग अजून हयात आणि हातचे आहेत त्यांना सरकारने प्रशिक्षक म्हणून पगारावर घ्यावं, शाळेची मुलं आठवड्यातले काही दिवस त्यांच्या हाताखाली नदीत असावीत, आणि तो काळ परवान्यासाठी सेवा म्हणून धरावा. फेरीबोटी चालवणारं नदी परिवहन खातं बेतीला आहेच, त्यामुळे बोटींचीही अडचण नाही. जलमार्गाचा क्रमांक एकदा ठरला की बदलत नाही, पण रेतीचा पट्टा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, आणि त्याची नवी जागा कळायला दरवर्षी कोणीतरी तिथून भरलेली बोट न्यावी लागते.