भिलाईचे पोलाद आणि इमारतीची अग्निपरीक्षा

इमारतीत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक साहित्याला आगीच्या संदर्भात दोन प्रश्न विचारावे लागतात. ते स्वतः पेट घेते का, आणि घेत असेल तर आग किती वेगाने पसरवते, हा पहिला. त्यापासून बनवलेला खांब, तुळई, भिंत किंवा दरवाजा भडकलेल्या आगीत किती वेळ तग धरतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून साहित्याचा वर्ग ठरतो. दुसऱ्याचे उत्तर मिनिटांत आणि तासांत दिले जाते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले की फसगत होते. या फसगतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पोलाद. पोलाद जळत नाही, पण कोणतेही संरक्षण नसलेली पोलादी तुळई मोठ्या आगीत बहुधा अर्धा तासही भार पेलू शकत नाही.

लाकडाचे वागणे याच्या उलट आहे. जाड सागवानी तुळई पेट घेते, पण तिच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर जमतो आणि तो आतल्या लाकडाचे उष्णतेपासून रक्षण करतो. घट्ट लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीने आत जळत जाते. त्यामुळे अर्ध्या तासानंतरही जाड तुळईचा गाभा शाबूत असतो. मात्र तेच लाकूड आगीला खाद्यही पुरवत राहते. १८२८ च्या आगीत पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले नष्ट झाले; दगडी जोती आणि तटबंदी मात्र आजही उभी आहे. पोलाद, लाकूड, दगड, वीट, काँक्रीट यांचे आगीतले स्वभाव असे वेगवेगळे आहेत. ते आधीच ओळखता यावेत म्हणून चाचण्या आणि वर्गीकरण अस्तित्वात आले.

आगीतून घडलेले गाव

हा विषय समजून घ्यायला भिलाईइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. २००० पासून ती छत्तीसगडमध्ये आहे. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले.

देशाला रेल्वेचे रूळ पुरवणारा कारखाना ही भिलाईची मोठी ओळख. त्याचबरोबर येथे ३,६०० मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या जाड प्लेट, बीम, चॅनेल, अँगल आणि काँक्रीटमध्ये घालायच्या टीएमटी सळ्याही तयार होतात. झोतभट्टीतून निघणारी मळी सिमेंटच्या कामी येते. भट्ट्यांना आतून अस्तर लावायच्या तापसह विटा बनवणारा कारखानाही भिलाईत आहे. तो आज स्टील अथॉरिटीच्या रिफ्रॅक्टरी युनिटचा भाग आहे. आगीत नमणारे, आगीत टिकणारे आणि आगीला अडवणारे असे तिन्ही प्रकारचे साहित्य एकाच गावात तयार होते.

तापसह वीट आणि इमारतीची वीट

तापसह विटेच्या परीक्षेला मोठा इतिहास आहे. १८८६ मध्ये बर्लिनच्या हर्मान झेगर यांनी ठरावीक मिश्रणाचे छोटे शंकू बनवले. प्रत्येक शंकू विशिष्ट तापमानाला मऊ होऊन वाकतो. विटेच्या मालाचा शंकू करून तो अशा प्रमाण शंकूंच्या शेजारी तापवायचा आणि तो कोणत्या शंकूबरोबर वाकतो ते पाहायचे, ही पद्धत आजही वापरात आहे. भारतात आयएस १५२८ या मानकाच्या पहिल्या भागात तिची कृती दिली आहे. दुसऱ्या भागात विटेवर भार ठेवून ती तापवण्याची चाचणी आहे. प्रत्यक्ष भट्टीत विटेवर वरच्या विटांचा आणि वितळलेल्या धातूचा भार असतो, त्यामुळे नुसता वितळणबिंदू कळून भागत नाही.

'भार ठेवून तापवा' हे तत्त्व इमारतींच्या चाचणीतही तितकेच महत्त्वाचे आहे. फरक आहे तो काळाचा. भट्टीचे अस्तर महिनोन्महिने तापत राहते. घराच्या भिंतीला मात्र एकदाच, काही तास टिकायचे असते. तेवढ्या वेळात माणसे बाहेर पडावीत आणि अग्निशमन दल आत पोहोचावे, एवढीच अपेक्षा असते. साधी भाजलेली वीट ही अपेक्षा सहज पूर्ण करते, कारण वीटभट्टीत ती ९०० ते १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास आधीच तापून निघालेली असते.

पहिला प्रश्न : पेट घेते का?

साहित्य अज्वलनशील आहे की नाही हे ठरवण्याची चाचणी दिसायला साधी आहे. भारतात तिच्यासाठी आयएस ३८०८ हे मानक आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर उंचीचा नमुना ७५० अंशांवर स्थिर केलेल्या उभ्या नळीच्या भट्टीत सोडतात. नमुना जळू लागला तर भट्टीचे तापमान वाढते, ज्योत दिसते आणि वजन घटते. या तिन्ही गोष्टी मोजल्या जातात. युरोपीय वर्गीकरणात सर्वोच्च 'ए१' दर्जासाठी या चाचणीत तापमानाची वाढ ३० अंशांपेक्षा आणि वजनातील घट ५० टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही, आणि टिकून राहणारी ज्योत मुळीच चालत नाही. पोलाद, काँक्रीट, वीट, काच ही चाचणी सहज पार करतात.

जे साहित्य काही प्रमाणात जळते, त्याच्या बाबतीत ज्योत पृष्ठभागावरून किती वेगाने सरकते हे पाहावे लागते. आयएस १२७७७ या मानकानुसार त्याचे चार वर्ग पडतात : अतिमंद, मंद, मध्यम आणि शीघ्र ज्योतप्रसार. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागात या वर्गांची सांगड जागेशी घातली आहे. पहिल्या वर्गाचे साहित्य कुठेही वापरता येते. दुसऱ्या वर्गाचे साहित्य जिने, मार्गिका आणि इमारतीचा दर्शनी भाग येथे चालत नाही. तिसऱ्या वर्गाला राहत्या खोल्यांत, तेही भरीव भिंतीवरचे अस्तर म्हणूनच जागा आहे. म्हणजे पळून जाण्याची वाट जितकी महत्त्वाची, तितका तेथील साहित्याचा नियम कडक.

युरोपीय पद्धतीत 'ए१' पासून 'एफ' पर्यंत सात वर्ग आहेत. त्यांतील मधल्या वर्गांना धुराचे आणि पेटत्या थेंबांचे वेगळे गुण जोडले जातात. धुराची ही नोंद फार मोलाची आहे, कारण बंदिस्त इमारतींतील आगीत पुष्कळ बळी भाजून जात नाहीत, धुराने गुदमरून जातात. फोमचे सोफे, थर्माकोल, प्लास्टिकचे पॅनेल, स्वस्त फॉल्स सीलिंग या वस्तू म्हणूनच धोक्याच्या.

दुसरा प्रश्न : किती वेळ टिकते?

येथे परीक्षा साहित्याची नसून संपूर्ण घटकाची असते. साधारण तीन मीटर लांबी-रुंदीची भिंत, किंवा भार दिलेली तुळई, मोठ्या भट्टीवर बसवतात. भट्टी एका ठरलेल्या वक्राप्रमाणे तापवली जाते : ५ मिनिटांत सुमारे ५७६ अंश, अर्ध्या तासात ८४२, एका तासात ९४५, दोन तासांत १,०४९ आणि चार तासांत १,१५३. भारतात या चाचणीसाठी आयएस ३८०९ हे मानक आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत आगीच्या संशोधनाची प्रयोगशाळा आहे. अग्निशमन अधिकाऱ्यांचे शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात आहे, म्हणजे भिलाईहून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरच.

भट्टीवरच्या घटकाला तीन कसोट्या लागतात. पहिली, तो भार पेलत उभा राहिला का? दुसरी, त्याला भेग पडून ज्योत किंवा तप्त वायू पलीकडे गेला का? तिसरी, पलीकडची बाजू किती तापली? तिचे तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी १४० अंशांहून किंवा कोणत्याही एका ठिकाणी १८० अंशांहून अधिक वाढले, तर घटक अनुत्तीर्ण ठरतो, कारण पलीकडच्या खोलीतले कागद-कपडे पेटण्याची भीती असते. 'दोन तासांचा दरवाजा' याचा अर्थ त्या दरवाजाने त्याला लागू असलेल्या कसोट्या १२० मिनिटे पाळल्या, इतकाच. प्रत्यक्षातली आग या वक्राप्रमाणे वागेलच असे नाही. हा वक्र सर्वांना एकाच मापाने मोजण्याची पट्टी आहे.

पोलादाचे गणित

पोलाद सुमारे १,५०० अंशांना वितळते, म्हणून ते आगीत सुरक्षित आहे, असा समज पुष्कळांचा असतो. इमारत कोसळण्यासाठी पोलाद वितळावे लागत नाही. ते मऊ झाले तरी पुरते. आयएस ८०० या २००७ च्या संहितेत यासाठी एक सोपे सूत्र आहे. २१५ अंशांच्या पुढे तापमान ९०५ मधून वजा करायचे आणि उत्तराला ६९० ने भागायचे. म्हणजे मूळ ताकदीचा किती भाग उरला ते कळते. ४०० अंशांवर सुमारे ७३ टक्के, ५५० अंशांवर ५१ टक्के आणि ६०० अंशांवर ४४ टक्के. प्रमाण वक्रानुसार भट्टीतली हवा सहा मिनिटांतच ६०० अंशांपर्यंत पोहोचते. पोलाद तापायला थोडा अधिक वेळ लागतो, पण पातळ, उघड्या सेक्शनला पाव तास पुरतो. वजनाच्या मानाने ज्याचा पृष्ठभाग जास्त, ते लवकर तापते. म्हणून पातळ अँगल जाड गर्डरच्या आधी हार मानतो.

दुसरा धोका प्रसरणाचा. १० मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली की सुमारे ६ ते ७ सेंटिमीटर वाढते आणि शेजारची भिंत बाहेर ढकलते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पोलादाला पांघरूण घालणे : काँक्रीट, व्हर्मिक्युलाइटचा गिलावा, जिप्समचे बोर्ड, किंवा तापल्यावर फुगून फेसाळ थर तयार करणारा रंग. दुसरा म्हणजे पोलादाची घडणच बदलणे. आयएस १५१०३ या २००२ च्या मानकातील अग्निरोधक पोलादाने ६०० अंशांवरही आपली दोन तृतीयांश ताकद राखली पाहिजे. आयएस ८०० च्या सूत्राने पाहिले, तर साधे पोलाद सुमारे ४४५ अंशांनाच या पातळीवर येते. दोहोंमधला दीडशे अंशांचा फरक म्हणजे माणसांना बाहेर पडण्यासाठी मिळालेली मिनिटे.

काँक्रीट, मळी आणि कव्हर

काँक्रीटमध्ये सळीचे रक्षण करते ते तिच्यावरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. आयएस ४५६ नुसार दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबला दोन तासांसाठी ३५ मिलिमीटर आणि चार तासांसाठी ५५ मिलिमीटर कव्हर लागते; तशाच तुळईला अनुक्रमे ४० आणि ७०. स्लॅब ओतताना कव्हर ब्लॉक नीट बसवले नाहीत आणि सळी सेंटरिंगला टेकली, तर कागदावरचा दोन तासांचा स्लॅब प्रत्यक्षात अर्ध्या तासाचाही राहत नाही. टीएमटी सळीची ताकद बरीचशी तिच्या बाहेरच्या कडक कड्यात असते. हे कडे पाण्याच्या झोताने झटकन थंड करून मिळवलेले असते. ते सुमारे ६०० अंशांच्या पुढे तापले, तर सळी थंड झाल्यावरही मूळ ताकद पूर्ण परत येत नाही. म्हणून आगीतून वाचलेल्या इमारतीची तपासणी केल्याशिवाय ती वापरात आणू नये.

झोतभट्टीच्या मळीचे सिमेंट येथे उपकारक ठरते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमधला चुना ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान आपले पाणी सोडतो, आणि नंतर ओलावा लागताच फुगून भेगा पाडतो. मळीच्या सिमेंटमध्ये हा मोकळा चुना कमी असतो. मळीपासून खनिज लोकरही बनते. ती उष्णता अडवते आणि स्वतः जळत नाही. जिप्समच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही.

चाचणी आणि वास्तव

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. छप्पर शाकारलेले होते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल्स आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. गच्चीवरच्या उपाहारगृहाचे आच्छादन झटकन पेट घेणारे होते. या दोन्ही ठिकाणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसत होते, तरी तो प्रश्न कोणी विचारला नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची गोष्ट वेगळी आहे. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसे मेली. इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा उभा राहिला; आग पसरली ती बाहेरून लावलेल्या, पॉलिथिनचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमच्या पॅनेलवरून. सप्टेंबर २०२४ च्या चौकशी अहवालाने साहित्याच्या उत्पादकांवर चाचण्या आणि त्यांची माहिती यांबाबत अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवला. भारतातील लहान-मोठ्या शहरांत दुकाने, रुग्णालये आणि शोरूम यांच्या दर्शनी भागावर अशाच घडणीचे पॅनेल सर्रास दिसतात. त्यांचा गाभा कशाचा आहे, हे बाहेरून कळत नाही.

चाचणीचा दाखला त्या नमुन्यापुरता, त्या जाडीपुरता आणि त्या जोडणीपुरता खरा असतो. दोन तासांच्या भिंतीतून केबल नेण्यासाठी भोक पाडले आणि ते बुजवले नाही, तर भिंतीचे दोन तास संपले. फायर डोअरला विटेचा टेकू लावून तो उघडा ठेवला, तर त्याच्या दाखल्याला कागदापलीकडे किंमत उरली नाही.

म्हणून घर घेणाऱ्याने, शाळेच्या व्यवस्थापनाने, रुग्णालय चालवणाऱ्याने आणि सोसायटीच्या कार्यकारिणीने बांधकाम करणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी मागावीत. हे साहित्य कोणत्या वर्गाचे आहे? हा घटक किती मिनिटांचा आहे? चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या मानकाप्रमाणे झाली? आणि बसवलेला माल तपासलेल्या नमुन्यासारखाच आहे का? या उत्तरांसाठी लागणारी मानके आपल्या देशात तयार आहेत, प्रयोगशाळा आहेत, आणि भिलाईसारख्या गावांत आग हाताळण्याचे ज्ञानही पिढ्यांपासून आहे. प्रश्न विचारायचे काम मात्र त्या छताखाली राहणाऱ्यांचे आहे, आणि ते आग लागण्याच्या आधीच करायचे असते.