कृपा देवाची, घाई माणसांची

वेंगुर्ल्याला डचांची वखार 1637च्या सुमारास उभी राहिली. मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा, परवानगी त्याची. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर पोर्तुगीजांचं गोवं. त्याची समुद्रातून नाकेबंदी करायची तर जहाजांना जवळ आसरा हवा, म्हणून वेंगुर्ला. वखारीच्या पडक्या भिंती अजून आहेत. इतिहासात तिची नोंद व्यापाराच्या आणि लढायांच्या खात्यावर होते. पण वखारवाले आणि गोवेकर पोर्तुगीज एकाच ख्रिस्ताचं नाव घेत होते, आणि माणसाचं तारण कोण ठरवतो या प्रश्नावर एकमेकांना पाखंडी म्हणत होते. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात या भांडणाला कोणी जागा देत नाही, याची मला खंत वाटते.

डच कंपनीचं चर्च प्रॉटेस्टंट, कॅल्विनच्या परंपरेतलं. हॉलंडात डॉर्ट या गावी 1618-19मध्ये त्याची मोठी धर्मसभा भरली. आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांचं म्हणणं होतं की कोण श्रद्धा ठेवणार हे देवाला आधीच दिसतं आणि त्यानुसार तो निवड करतो. सभेनं ते फेटाळलं. देवाची निवड जगाच्या उत्पत्तीआधीची, माणसाची लायकी किंवा श्रद्धा पाहून केलेली नव्हे. आणि ज्याला निवडलं त्याच्यावरची कृपा वाया जात नाही, असा निर्णय झाला.

कॅथलिक बाजूला ट्रेंटच्या धर्मसभेनं 1547मध्ये सांगितलं होतं की कृपा आधी येते आणि फुकट येते, पण माणूस तिला मोकळेपणी होकार देतो किंवा ती नाकारतो. मग देवाची सत्ता आणि माणसाचा होकार यांचा मेळ कसा घालायचा? जेझुइट मोलिना याने 1588मध्ये उत्तर दिलं: अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वखुशीनं काय करील हे देव जाणतो, आणि ते जाणूनच कृपा देतो. डॉमिनिकन बान्येझ म्हणाला, यानं देव माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहतो. दोन पोपांसमोर वर्षानुवर्षं वाद चालला. 1607मध्ये पाचव्या पॉलनं निकाल न देता दोघांनाही घरी पाठवलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली.

रोममध्ये माणसाच्या होकाराबद्दल इतका बारीक खल होण्याआधीच गोव्यात काय घडून गेलं होतं? 1559च्या हुकुमानं हिंदूंची पोरकी मुलं ताब्यात घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करायची मोकळीक दिली. 1567मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. कितीतरी कुटुंबांनी आपल्या देवांच्या मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडच्या मुलखात नेल्या. ट्रेंटनं मागितलेला मोकळा होकार यांच्याकडे कोणी विचारायला गेलं नाही. ज्या चर्चनं माणसाला नकाराचा हक्क आहे असं लिहून ठेवलं, त्याच चर्चच्या छायेत तो हक्क काढून घेतला गेला. श्रद्धावंतानं हे स्पष्ट बोललं पाहिजे.

तरीही त्याच सासष्टीत एक वेगळी गोष्ट घडली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. एका रविवारी दुपारी शिकवणीला जमलेल्या नवख्रिस्ती माणसांपैकी एकानं त्याला विचारलं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हाला नवं पुराण का देत नाही? त्या मागणीतून ओवीबद्ध मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ जन्मलं आणि 1616मध्ये छापून झालं. या प्रश्नकर्त्यावर धर्म लादला गेला असेल किंवा नसेल, पण विचारताना तो कोणाचा बांधलेला नव्हता. आपल्याला काय हवं हे त्यानं मिशनऱ्याला तोंडावर सांगितलं, आणि मिशनऱ्यानं ते ऐकलं. मोलिनाच्या ग्रंथात जो होकार शोधावा लागतो तो मला या एका प्रश्नात दिसतो.

मातेउस द कास्त्रोची गोष्ट मात्र सांगताना अजून त्रास होतो. दिवाडी बेटावरच्या ख्रिस्ती ब्राह्मण घराण्यातला हा मुलगा. त्याला पाद्री व्हायचं होतं, पण गोव्याच्या आर्चबिशपनं इथल्या माणसाला दीक्षा द्यायला नकार दिला. तो थेट रोमला गेला, तिथं दीक्षा मिळाली, आणि 1637मध्ये त्याला बिशप करून आदिलशाही मुलखाचा व्हिकार अपोस्तोलिक नेमलं. त्यानं डिचोलीत ठाण मांडलं. बांदा आणि वेंगुर्ल्यालाही चर्च उभारली. पोर्तुगीजांनी त्याच्यावर डचांशी संधान बांधल्याचा आरोप केला. देवानं निवडलं म्हणून सांगणाऱ्या माणसाला माणसांनी कातडीवरून नाकारायचं, याला कुठल्याही धर्मसभेचा आधार नव्हता.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन आलं. त्यांचा विश्वासनामा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे डॉर्टच्याच वळणाचा. पण 1903मध्ये त्यांच्या मूळ चर्चनं त्यात दुरुस्ती केली: देवाच्या निवडीचा सिद्धांत त्याच्या सर्व मानवजातीवरच्या प्रेमाशी जुळवूनच वाचावा, आणि तान्हेपणी मरण पावलेली सगळी मुलं तारणात आहेत. दवाखाना चालवणाऱ्या मिशनला हे वाक्य कागदी नव्हतं. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलच्या डॉ. गोहीन यांच्या घरी वेंगुर्ल्यात 1919मध्ये जन्मलेला रॉबर्ट पुढे 1957मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. माणसाची इच्छा कितपत स्वतंत्र आहे यावर 1754मध्ये ग्रंथ लिहिणारा जोनाथन एडवर्ड्स 1758मध्ये याच खुर्चीत काही आठवडे बसला होता.

कोकणी माणसाच्या अनुभवात हा प्रश्न सर्वांत जिवंत होतो तो करजगावच्या नारायण वामन टिळकांपाशी. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसाशी गाठ पडली. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. कॅल्विनच्या पंथातला माणूस म्हणेल, पाहा, निवड आधीचीच. पण टिळकांनी ते पुस्तक बंद ठेवलं असतं तर? त्यांनी वाचलं, शंका काढल्या, भांडले. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्या पुलावर चालायचं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

आणि लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं दूर राहिल्या, मग परत आल्या, पण आपला धर्म सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. एका प्रवासात जातिभेद माणसानं केला, देवानं नव्हे, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि मग सगळं बदललं. 1900मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षं, कृपा आणि होकार यांच्यातली, मला कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त शिकवतात.

वरच्या पातळीवरही कोडं थोडं सैल झालं. ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला संयुक्त जाहीरनामा केला: तारण केवळ कृपेनं. 2017मध्ये कॅल्विनच्या परंपरेतल्या चर्चच्या जागतिक संघटनेनंही त्याला मान्यता दिली. कोणाची निवड आणि का, हा प्रश्न मात्र तिथं सुटलेला नाही.   आपल्याकडे प्रॉटेस्टंटांपैकी अनेक परंपरा 1970मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या, तेव्हा एक तरतूद झाली: मूल तान्हं असताना बाप्तिस्मा करावा की त्यानं मोठं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबावं, हे आईबापांनी ठरवायचं.