कृष्णेचे हिरे आणि कृष्णाकाठची माणसे

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली अशी गावे मागे टाकीत कर्नाटकातून पुढे आंध्रात उतरते. तेथे तिच्या काठच्या वाळूगोट्यांत एके काळी जगाला दिपविणारे हिरे सापडत. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने पाहिलेली कोल्लूरची खाण याच नदीच्या तीरावर होती. आज ती पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली गेली आहे. मग त्याच नदीच्या वरच्या अंगाला, साताऱ्या-सांगलीत, हिरा का सापडू नये? प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर उद्बोधक आहे.

नदी हिरा घडवीत नाही, केवळ वाहून नेते. हिरा तयार होतो तो भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटर वा त्याहून खोल. किंबर्लाइटसारखा खडक त्याला नळीवाटे वर आणतो आणि तो खडक झिजला म्हणजे हिरे गाळात मिसळतात. आंध्रातील वज्रकरूरचे असे नळ सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सातारा-सांगलीचा काळा पाषाण मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या पाषाणाच्या पोकळ्यांत चकाकणारी गारगोटी मिळते, हिरा नव्हे. वरच्या कृष्णेने काठाला दिली ती काळी माती. उसाचे मळे तिच्यावरच उभे आहेत.

परंतु या पाषाणाखाली काय? 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपामागील कारणांचा शोध घेताना गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण भेदल्यावर खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. अशाच प्राचीन पायाला भेदून दक्षिणेत किंबर्लाइट वर आले. तेव्हा येथे हिरा असणे अशक्यच, असे शास्त्र म्हणणार नाही.

अर्थशास्त्राचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. उघड्या प्रदेशात ओढ्यांच्या गाळातील विशिष्ट गार्नेटचे कण किंबर्लाइटचा माग दाखवितात. येथे तो माग लाव्ह्याखाली बुजलेला आहे. चुंबकीय मोजणी करावी, तर पाषाणाचे स्वतःचे चुंबकत्व आड येते. शिवाय सापडलेल्या किंबर्लाइटांपैकी खाणीस परवडणारे शंभरात एखाददुसरेच. पन्ना येथील मझगवाँच्या खाणीत 100 टन खडकामागे सुमारे 10 कॅरेट, म्हणजे अवघे 2 ग्रॅम, हिरे निघतात. तेही खडक उघड्यावर असताना. 2023 च्या कायद्याने खोलवरच्या खनिजांच्या शोधासाठी स्वतंत्र परवान्याची सोय झाली असून त्यांत हिराही आहे. महाराष्ट्रात असा शोध घ्यायचाच, तर ऐन-इ-अकबरीत ज्याच्या हिऱ्यांचा उल्लेख आहे त्या गडचिरोलीतील वैरागडच्या परिसरात तो अधिक समंजस ठरेल.

आंध्रातील कर्नूल, अनंतपूर भागांत पहिला पाऊस पडताच माणसे हिरा शोधीत शेतांतून फिरतात. एखाद्याचे नशीब उजळते. त्याची वार्ता होते. रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची होत नाही. खनिजाच्या आशेवर जगणाऱ्या प्रदेशाचे हेच दुखणे असते.

खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माणदेशी मुलखाने निराळी वाट धरली. पाऊस दगा देऊ लागला तेव्हा तेथील माणसे गलाईच्या धंद्यासाठी भारतभरच्या सराफकट्ट्यांवर पसरली. इतरांच्या दुकानातील कचरा आणि तुटके दागिने आटवून त्यांतून शुद्ध सोने-चांदी वेगळे काढणे, हा त्यांचा व्यवसाय. ज्या भूमीत सोने नाही, तिच्या माणसांनी सोन्यावर गावे उभी केली. या कसबाची खाण जमिनीत नव्हे, हातांत होती.

अर्थात, या यशालाही किंमत आहे. आम्लाच्या धुरात अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्याची फुफ्फुसे त्याचा हिशेब चुकवितात. धूर खेचणारी यंत्रणा, धातुशुद्धीचे रीतसर शिक्षण आणि आजारपणाचे संरक्षण यांवर खर्च केलेला पैसा वाया जाण्याची भीती नाही. जमिनीखालील हिऱ्याची वाट पाहणे परवडेल. तो कोट्यवधी वर्षे थांबलाच आहे. धुरात उभ्या असलेल्या माणसापाशी मात्र तेवढा अवधी नाही.