‘पगार किती?’ : वेतनाची भाषा आणि वेतनाचा हिशेब



व्यावहारिक मराठीच्या मागील घटकांत आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात यांच्या भाषेचा विचार केला. या घटकात आपल्याला वेतनचिठ्ठीकडे वळायचे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती हा कागद दरमहा पडतो, आणि बहुधा त्यातला शेवटचा आकडा तेवढा वाचून त्याची घडी घातली जाते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या यंत्रावर रात्रपाळी करणारा कामगार, धुळ्याच्या बाजारपेठेतला हिशेबनीस, शिरपूर तालुक्यातल्या शाळेतला शिक्षक, चोपड्याच्या शिवारात केळीच्या बागेवर राबणारा सालदार यांना ‘पगार किती?’ असे विचारले, तर प्रत्येक जण एक आकडा सांगतो. त्यांच्या मालकाला तोच प्रश्न केला, तर तो याहून मोठा आकडा सांगतो. दोघेही खोटे बोलत नसतात. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते काही शब्दांनी व्यापलेले आहे. ते शब्द ज्याला उमगत नाहीत, त्याचे नुकसान त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून हा विषय अर्थशास्त्राइतकाच शब्दार्थविचाराचाही आहे.

मोबदल्याचे शब्द

मराठीत श्रमाच्या मोबदल्याला किती नावे आहेत पाहा : वेतन, पगार, मजुरी, रोज, तनखा, मुशाहिरा, मेहनताना, मानधन, बिदागी. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द आहे आणि तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही येतो. ‘पगार’ हा पोर्तुगिजांकडून आला. त्या भाषेत ‘पगार’ या क्रियापदाचा अर्थ ‘पैसे देणे’ असा आहे. देणाऱ्याची क्रिया मराठीत येऊन घेणाऱ्याची मिळकत झाली. ‘मजुरी’, ‘तनखा’ आणि ‘रोज’ हे फारसीतले, तर ‘मुशाहिरा’ अरबीतला. अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना, म्हणून मुशाहिरा म्हणजे महिन्याचे देणे.

हे शब्द समानार्थी आहेत असे शब्दकोश वरवर चाळणाऱ्याला वाटेल. व्यवहारात मात्र प्रत्येक शब्द एक वेगळे नाते सांगतो. मजुराला मजुरी, नोकरदाराला पगार, कीर्तनकाराला बिदागी. कीर्तनकाराला ‘तुमची मजुरी घ्या’ म्हणून पाहा! आणि ‘बिगारी’ या शब्दाचा प्रवास तर विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘बिगार’ म्हणजे विनामोबदला, सक्तीने करवून घेतलेले काम. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला ‘वेठ’ हा शब्दही त्याच अर्थाचा. दोन्ही जोडून ‘वेठबिगार’ झाला. आज बांधकामावरचा बिगारी रोज घेऊन काम करतो. मोबदला आला, तरी नाव मात्र बिनमोबदल्याचेच राहिले.

खानदेशात याला आणखी एक पदर आहे. येथे शेतीतले साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि नवे ठरते. सालदाराशी बोलणी होतात ती वर्षाच्या रकमेची. तीत रोकड असते, कुठे धान्य, कपडे, पायताण असते, आणि बहुतेक वेळा ‘उचल’ असते. ‘उचल’ हा शब्द नीट पाहा. वरकरणी ती सालदाराची सोय आहे. प्रत्यक्षात ते कर्ज असते आणि ते फिटेपर्यंत साल सोडता येत नाही. पुढे अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘पाळी’, ‘हजेरी’, ‘बदली कामगार’ ही नवी शब्दावली आली. मोबदल्याचे माप वर्षावरून महिन्यावर आणि तासावर आले. आज खानदेशात ही मापे शेजारीशेजारी नांदतात : एकाच घरात बाप सालदार, आई निंदणीला रोजाने, मुलगा कारखान्यात पगारावर.

‘मिळतो’ आणि ‘पडतो’

आता क्रियापदांकडे वळू. कामगार म्हणतो, ‘मला बारा हजार मिळतात.’ मालक म्हणतो, ‘मला माणूस अठरा हजारांना पडतो.’ या दोन वाक्यांत एकाच व्यवहाराचे वर्णन आहे. ‘मिळणे’ या क्रियेत देणारा अदृश्य असतो. ‘पडणे’ या क्रियेत माणूस वस्तूसारखा येतो, जणू बाजारातून आणलेली गोणी. मालकाने मुद्दाम अवमान करण्यासाठी हे क्रियापद निवडलेले नसते; व्यापाराच्या भाषेत खर्च असाच बोलला जातो. पण त्याचा अठरा हजारांचा हिशेब कुठून येतो, हे तपासले पाहिजे.

समजा, जळगावातील वीसहून अधिक कामगार असलेल्या एका कारखान्यात एका पुरुष कामगाराचे मूळ वेतन आणि महागाईपोटीचा भत्ता मिळून दरमहा १४,००० रुपये होतात. (हा आकडा उदाहरणापुरता घेतला आहे.) त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कापले जातात. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या क्षेत्रात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये. फेब्रुवारीत तो ३०० होतो, कारण वर्षाला २,५०० ही मर्यादा गाठायची असते. (दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून या करातून सूट आहे, वेतनचिठ्ठीत तो कापलेला दिसल्यास विचारणा करावी.) हाती उरतात १२,०१५ रुपये.

मालकाच्या बाजूने पाहू. भविष्यनिर्वाह निधीत त्याचाही वाटा १२ टक्के. हे पैसे एकाच खात्यात जात नाहीत : ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे आणि उरलेले ३.६७ टक्के कामगाराच्या निधीत. याशिवाय ठेव-संलग्न विमा आणि प्रशासकीय आकार यांचा मिळून एक टक्का. एकूण १,८२० रुपये. राज्य विम्यातला मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ रुपये. बोनस किमान ८.३३ टक्के. हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे शंभर भागिले बारा, अर्थात वर्षाकाठी एक महिन्याचे वेतन. ज्या रकमेवर बोनस आकारतात तीही सोयीसाठी १४,००० धरली, तर महिन्याला १,१६६ रुपये बाजूला काढावे लागतात. उपदान, ज्याला सर्वत्र ग्रॅच्युइटी म्हणतात, ते प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. त्याची मासिक तरतूद ६७३ रुपये. बेरीज करा : १८,११४ रुपये.

म्हणजे कामगाराच्या हाती १२,०१५ आणि मालकाचा खर्च १८,११४. मधले ६,०९९ रुपये गेले कुठे? त्यातले बहुतेक कामगाराचेच आहेत, पण पुढच्या काळातले : म्हातारपणाचे, आजारपणाचे, दिवाळीचे, नोकरी सोडतानाचे. ‘कापले’ हे क्रियापद या सगळ्याला नुकसानीचा रंग देते. निधीत जमा होणाऱ्या रकमेला आपण ‘कापलेली’ म्हणतो आणि कारखानदारही तेच म्हणतो. ‘ठेवलेली’ असे कोणीच म्हणत नाही.

नोकरीच्या जाहिरातीत आता ‘वार्षिक पॅकेज’ छापलेले असते. वरच्याच उदाहरणात मालकाचा सगळा खर्च बाराने गुणला, तर २,१७,३६८ रुपये होतात. ‘सव्वादोन लाखांच्या आसपास पॅकेज’ वाचून धरणगावहून जळगावला जाणारा तरुण महिन्याला अठरा हजारांची अपेक्षा धरतो आणि पहिल्या महिन्यात बारा हजार पाहून फसवणूक झाली असे समजतो. जाहिरातीत खोटे काही नसते. तिने मालकाच्या ‘पडतो’चा आकडा छापला, वाचणाऱ्याने तो ‘मिळतो’ म्हणून वाचला.

लहान मालकाची अडचणही येथेच नोंदवली पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होतो. विसाव्या माणसाच्या नेमणुकीचा खर्च त्याच्या एकट्याच्या वेतनाएवढा नसतो. त्याच्याबरोबर आधीच्या एकोणीस जणांचाही वाटा सुरू होतो. हजेरीपट एकोणीसवर का थांबतो, किंवा पुढची माणसे ठेकेदारामार्फत का येतात, याचे एक कारण हे आहे. ठेकेदार आला की त्याचे कमिशन येते, मनुष्यबळ पुरवण्याच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा करही येतो. तरीही ठेका परवडतो असे ज्याला वाटते, त्याच्या हिशेबात कुठेतरी कामगाराचा वाटा गळत असण्याचा संभव असतो, हे माझे मत मी लपवीत नाही.

व्याख्या बदलली की रक्कम बदलते

भाषेच्या विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ द्यावा असा हा भाग आहे. वरचे सगळे टक्के कशाचे काढायचे? ‘वेतना’चे. आणि वेतन म्हणजे काय?

त्याच कामगाराचे १४,००० रुपये वेगळ्या नावांनी लिहून पाहू. मूळ वेतन ५,०००. बाकीचे ९,००० विशेष भत्ता, प्रवास भत्ता, धुलाई भत्ता अशा नावांनी. (किमान वेतनाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू.) आता निधीचे १२ टक्के फक्त ५,०००वर : ६०० रुपये. हाती १३,०९५ रुपये येतात, म्हणजे पूर्वीपेक्षा १,०८० रुपये अधिक. कामगार खूश, मालकही खूश. पण निधीत आणि निवृत्तिवेतनात दोघांचे मिळून दरमहा ३,३६० रुपये जात होते, तेथे आता १,२०० जातात. दहा वर्षांनी नोकरी सोडताना उपदान ८०,७६९ रुपये झाले असते, ते २८,८४६ होते. एकूण पगारात एका रुपयाचाही फरक पडला नाही, फक्त नामकरण बदलले.

हा नामकरणाचा खेळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ठरवले, की सर्व कर्मचाऱ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता केवळ नाव वेगळे आहे म्हणून मूळ वेतनाबाहेर ठेवता येणार नाही. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील व्याख्येनुसार, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. आपल्या उदाहरणात वेतन मग ५,००० न राहता किमान ७,००० मानावे लागेल. कायद्यातले व्याख्येचे कलम आपण कंटाळून ओलांडतो. पैसा नेमका तेथे असतो.

मानधन : सन्मान की सबब?

‘मान’ आणि ‘धन’ यांचा हा समास कानाला गोड लागतो. व्याख्यात्याला, कवीला, परीक्षकाला मानधन देणे उचितच आहे; त्यांचा उदरनिर्वाह त्यावर नसतो असे गृहीत असते. पण जिचे घर त्या रकमेवर चालते अशा अंगणवाडी सेविकेच्या मोबदल्यालाही आपण मानधन म्हणतो. वेतन म्हटले की नोकर-मालक नाते आले, आणि त्याबरोबर हक्क आले. मानधन म्हटले की ती सेवा झाली. एप्रिल २०२२मध्ये गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द उलगडून पाहिला. काम केल्याबद्दल मिळणारी रक्कम ती, तिला मानधन म्हटले तरी उपदान कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच, म्हणून सेविकांना उपदानाचा हक्क आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अशा निकालाने शब्दार्थविचाराचे महत्त्व जितके पटते, तितके आमच्या वर्गातील व्याख्यानांनी पटत नसावे.

महाराष्ट्रातील ‘शिक्षण सेवक’ हे दुसरे उदाहरण. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षण सेवकाला दरमहा १६,००० रुपये मानधन आहे. त्यापूर्वी ते ६,००० होते. तोच माणूस त्याच वर्गात तेच शिकवीत ‘शिक्षक’ झाला, की सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर भत्ते वेगळे. ‘सेवक’ आणि ‘शिक्षक’ या दोन शब्दांतले अंतर येथे रुपयांत मोजता येते.

गाव बदलले की

राज्य एक असले तरी वेतन एक नाही. किमान वेतनासाठी महाराष्ट्रात परिमंडळे केलेली आहेत, आणि किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. शासकीय सेवेत मूळ वेतन सर्वत्र सारखे असते : लिपिकाचे १९,९०० रुपयांपासून, मग तो मुंबईत असो वा साक्रीत. फरक घरभाडे भत्त्यात पडतो. सातव्या आयोगाचे सुरुवातीचे दर शहरांच्या वर्गानुसार २४, १६ आणि ८ टक्के होते. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, जळगाव आणि धुळे शेवटच्या. खासगी क्षेत्रात असा उघड तक्ता नसतो. पुण्याचा मोठा आकडा ऐकून जळगाव सोडण्यापूर्वी खोलीचे भाडे, खानावळ आणि महिन्यातून एकदा गावी येण्याचे तिकीट वजा करून पाहावे.

क्षेत्रीय कार्य

१. आपली किंवा परिचितांपैकी कोणाची वेतनचिठ्ठी त्यांच्या संमतीने मिळवा. नाव झाकून तिच्यातील प्रत्येक शब्दाचा मूळ भाषेसह अर्थ लिहा. कोणते भत्ते नावाने वेगळे पण स्वरूपाने वेतनच आहेत, ते कारणांसह दाखवा.

२. तुमच्या परिसरातील एक सालदार आणि एक कारखाना कामगार यांच्याशी बोला. दोघांनी मोबदल्यासाठी वापरलेली क्रियापदे (मिळणे, सुटणे, कापणे, उचलणे, फिटणे इ.) टिपून घ्या. अहिराणी बोलणाऱ्यांचे शब्द प्रमाण मराठीत न बदलता, जसेच्या तसे लिहा.

३. नोकरीच्या एका जाहिरातीत दिलेल्या ‘पॅकेज’वरून हाती येणारी मासिक रक्कम काढून पाहा आणि जाहिरातीतील ते वाक्य वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही अशा मराठीत पुन्हा लिहा.