पोटातलं खळं

दसरा सरला की दौलताबादच्या किल्ल्यासमोर, वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या मांडल्या जातात. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला तेव्हा त्याने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ लिहून ठेवली. पेरू त्याला इथे दिसणं शक्यच नव्हतं. तो अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला आणि या खडकाळ मातीत असा रुजला की आता इथलाच वाटतो.

तिखट-मीठ लावलेली पेरूची एक फोड सावकाश चावून पाहावी. गर मऊ असतो, पण दातांखाली बारीक रवाळ कण येतात. सीताफळातही सालीलगत तसेच कण असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना अश्मपेशी म्हणतात. त्यांच्या भिंती लिग्निनने इतक्या कठीण झालेल्या असतात की त्या आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यातल्या जिवाणूंनाही बहुतांशी दाद देत नाहीत. त्याच फोडीतलं पेक्टिन मात्र मोठ्या आतड्यात पोहोचलं की जवळपास पूर्ण फस्त होतं. दोन्हींना आपण ‘चोथा’ किंवा ‘फायबर’ म्हणून मोकळे होतो, पण दोघांचं शरीरातलं काम अगदी निराळं आहे. या विषयाचं सगळं मर्म या फरकात आहे.

जे आपल्याला पचत नाही

भाकरीतलं पिष्ट, डाळीतली प्रथिनं, फोडणीतलं तेल यांचा बहुतेक हिशेब लहान आतड्यात पुरा होतो. उरतो तो धान्याच्या कोंड्यातला अरॅबिनोझायलन, फळांतलं पेक्टिन, तूर-हरभऱ्यातली रॅफिनोज आणि स्टॅकिओज ही शर्करा, आणि पिष्टाचा न पचलेला हट्टी भाग. हे तोडायला लागणारी विकरं आपल्या शरीरात तयारच होत नाहीत. कर्बोदकं पचवणारी आपली स्वतःची विकरं वीससुद्धा नाहीत. याउलट बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन या एकाच जिवाणूच्या जनुकसंचात अशा कामाची अडीचशेहून अधिक विकरं आहेत.

२०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. त्यातले बहुतेक राहतात सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ते अन्न जाळून नव्हे, तर आंबवून जगतात.

हे काम कुणा एकाचं नाही. खळ्यावर एक जण कणसं मोडतो, दुसरा मळणी करतो, तिसरा वाऱ्यावर उपणतो. एकाचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती काही येत नाही. आतड्यातही तसंच चालतं. रुमिनोकॉकस ब्रोमी हट्टी पिष्टाचे कण फोडतो. सुटलेली साखर बिफिडोबॅक्टेरियम उचलतो आणि लॅक्टेट, ॲसिटेट तयार करतो. त्यावर फीकॅलिबॅक्टेरियम आणि युबॅक्टेरियम यांच्यासारखे जिवाणू ब्युटिरेट बनवतात. उरलेला हायड्रोजन काहींच्या आतड्यात मिथेनोब्रेव्हिबॅक्टर वापरतो आणि त्याचा मिथेन करतो. साखळीतला एक जण नाहीसा झाला की पुढच्यांचं अडतं.

हाती काय येतं

या आंबण्यातून मुख्यतः तीन मेदाम्लं मिळतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. त्यांचं प्रमाण ढोबळमानाने ६०:२०:२० असतं. ॲसिटेट रक्तातून शरीरभर जातं, प्रोपिओनेट बहुतांशी यकृतात खर्ची पडतं. ब्युटिरेट मात्र आतड्याचं अस्तर स्वतःच खातं. विल्यम रोडिगर यांनी १९८० साली दाखवून दिलं की मोठ्या आतड्याच्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा ब्युटिरेटमधून येतो. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या साखरेवर चालतात. या पेशींचं पोट मात्र जिवाणूंच्या हातात आहे.

इथेच गोष्ट संपत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ही मेदाम्लं रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या नियंत्रक टी-पेशींची संख्या वाढवतात, म्हणजेच विनाकारण पेटणारा दाह आवरतात. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या संप्रेरकांनाही ती चालना देतात. बद्धकोष्ठावरचा उपाय एवढीच चोथ्याची ओळख आता पुरत नाही.

पुण्यातल्या प्रयोगशाळा

या विषयात महाराष्ट्राचं काम मोलाचं आहे आणि ते सामान्य वाचकापर्यंत फारसं पोहोचलेलं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने आणि आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. दिलीप रानडे व विक्रम लांजेकर यांनी भारतीय माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा माग घ्यायला सुरुवात केली. नचिकेत मराठे प्रमुख लेखक असलेला त्यांचा २०१२ सालचा अभ्यास एकत्र कुटुंबांवर बेतलेला होता. घर एक, चूल एक, पिढ्या तीन; त्यामुळे आहाराचा फरक कमी करून वयाचा फरक पाहता आला. वयानुसार प्रमुख जिवाणूगटांचं आपसातलं प्रमाण बदलतं, असं त्यातून दिसलं.

असे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणं अवघड असतं, कारण हवा लागली की त्यातले पुष्कळसे मरतात. माध्यमातला प्राणवायू उकळून आणि वायू सोडून घालवावा लागतो. मग त्यात रेसाझुरिन हे रंगद्रव्य घालतात. नळी गुलाबी दिसली तर हवा शिरली आहे. रंग उडाला तरच पुढचं काम करायचं. अशा काटेकोर पद्धतीने पुण्याच्या शास्त्रज्ञांनी निरोगी भारतीयांच्या विष्ठेतून एक नवी प्रजाती वेगळी केली आणि २०१४ साली जगापुढे मांडली. तिचं नाव मेगास्फेरा इंडिका. मानवी आतड्याच्या जागतिक नकाशावर आपल्या मातीचं नाव तिने नेलं.

भोपाळच्या आयसरमधल्या विनीत शर्मा यांच्या गटाने २०१९ साली मध्य भारत आणि केरळमधल्या ११० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धान्य-डाळींवर जगणाऱ्या मध्य भारतीयांत प्रेव्होटेला या जिवाणूचं प्राबल्य आढळलं. कोंड्यातली जटिल कर्बोदकं फोडण्यात तो वाकबगार आहे. २०१० साली बुर्किना फासोच्या खेड्यातल्या मुलांतही तोच भरपूर सापडला होता आणि फ्लॉरेन्सच्या मुलांत नव्हता. भरड धान्य खाणाऱ्यांच्या पोटात सागरापलीकडेही असं साम्य सापडतं.

चोथा बंद झाला तर

डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करत होते. युरोपात घरोघरी दिसणारे मोठ्या आतड्याचे आजार तिथल्या ग्रामीण लोकांत इतके कमी का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि १९७०च्या दशकात उत्तर म्हणून चोथ्याकडे बोट दाखवलं. त्याची एक चांगली परीक्षा २०१५ साली झाली. २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकन गटाच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, दाहाच्या खुणा घटल्या. आफ्रिकी गटात नेमकं उलट झालं.

जिवाणूंना चोथा मिळाला नाही तर ते उपाशी बसत नाहीत. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली उंदरांत दाखवलं की अशा वेळी काही जिवाणू आतड्याचं रक्षण करणारा श्लेष्माचा थरच खायला लागतात आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. त्याच वर्षी सोननबर्ग यांच्या गटाने उंदरांच्या चार पिढ्या कमी चोथ्यावर वाढवल्या. प्रत्येक पिढीत काही जिवाणू कमी होत गेले, आणि शेवटी चोथा पुन्हा दिला तरी हरवलेले परतले नाहीत. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण नातवंडांच्या ताटाचा विचार आजच करावा, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

मराठवाड्याचं ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम, बाजरीत ११, अख्ख्या हरभऱ्यात २५, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनहून कमी ग्रॅम चोथा असतो. पेरूत तो आठ ग्रॅमच्या वर जातो. भाकरी गार झाली की तिच्यातलं काही पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि न पचता जिवाणूंपर्यंत पोहोचतं. त्यामुळे शेतात फडक्यातून नेलेली भाकरी पोषणाच्या बाबतीतही उणी नाही.

त्याहून मोठी गोष्ट विविधतेची. प्रत्येक जिवाणूची हत्यारं वेगळी, म्हणून प्रत्येकाला वेगळा चोथा लागतो. इसबगोल पाणी धरून ठेवतो, शौचाला मदत करतो, पण आतड्यात तो फारसा आंबत नाही. डब्यातल्या एका भुकटीने ताटाची जागा भरून निघत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्येला शेतात जी भज्जी शिजते तिच्यात हिरवा हरभरा, तूर, वाल, वाटाणा आणि हाती लागेल ती भाजी पडते, सोबतीला ज्वारीचं आंबील असतं. रोजच्या घरात अंबाडी, शेपू, मेथी, गवार, जवसाची आणि कारळ्याची चटणी होती. जिवाणूंचं नावही न ऐकलेल्या बायकांनी हे ताट पिढ्यान्पिढ्या मांडलं.

आज त्याच घरांत सकाळी चहाबरोबर मैद्याची बिस्किटं असतात, मुलांच्या हातात कुरकुरीत पाकिटं असतात, आणि शिवारात ज्वारीच्या जागी कपाशी, मका, सोयाबीन उभं असतं. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. हाती चार पैसे येतील ते पीक तो घेणारच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यालाही जागा आहे. रेशनच्या दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात ज्वारी-बाजरी नियमित आली, तिला रास्त भाव मिळाला, तर ताट आणि शिवार दोन्ही सावरतील.

घरापुरतं सांगायचं तर चोथा एकदम वाढवू नये. सवय नसलेल्या पोटात त्याने गुबारा धरतो. रोज थोडा वाढवला, कडधान्यं भिजवून मोड आणून खाल्ली, पाणी पुरेसं प्यायलं तर जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. ज्यांना आतड्याचा आजार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी या दिवाळीत फराळाबरोबर पेरूची पाटी घरात आणावी, पेरू सालीसकट खावा, आणि सण सरल्यावर आठवड्यातल्या निम्म्या जेवणांत तरी पोळीची जागा भाकरीला द्यावी.