वातानुकूलकाला जादा कपॅसिटर हवा का?

लोणी देवकरच्या शिवारातील सिंगल फेज पंपाचा कपॅसिटर बिघडला, की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. एका फेजपासून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होत नाही. कपॅसिटर ते घडवून आणतो. घरगुती वातानुकूलकाच्या साध्या कॉम्प्रेसरचेही असेच आहे.

मग त्याला सुरू होण्यापुरता आणखी एक कपॅसिटर जोडावा काय? सहसा नको. बंद केल्यावर तीनेक मिनिटे थांबले, की वायूचा दाब दोन्ही बाजूंना समान होतो व मोटर सहज सुरू होते.

मात्र सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० व्होल्टचे १८४ झाले, तर जोर ६४ टक्केच उरतो. अडलेली मोटर कित्येक पट प्रवाह ओढते व तापते. तेथे जादा कपॅसिटर उपयोगी पडतो. पण आधी मूळ कपॅसिटर व तारा तपासून घ्याव्यात. इन्व्हर्टर यंत्र वेग हळूहळू वाढवते. त्याला तो लागतच नाही.