शोधण्याचे पैसे

इष्टिमेट निघालं सात हजार एकोणीस रुपयांचं. स्कूटर २०१६ सालची, ११० सीसीची, ४१ हजार किलोमीटर पळालेली. विकायला काढली तर पंचवीस हजारांवर कोणी हात ठेवणार नाही. तक्रार एकच होती. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना पहिल्या दहा-पंधरा फुटांत गाडी थरथरायची, हुडहुडी भरल्यासारखी. वेग आला की सगळं शांत.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने एक चक्कर मारली, परत आला आणि टॅबवर बोटं चालवायला लागला. बेल्ट ५६०, रोलर सेट ३१०, क्लच असेंब्ली १,६५०, क्लचची वाटी ६२०, एअर फिल्टर २४०, इंजिन ऑइल ३९५, गिअर ऑइल ८५, किरकोळ साहित्य १५०. मग मजुरी : बेल्ट बदलणे ३५०, रोलर बदलणे २५०, क्लच बदलणे ४५०, जनरल सर्व्हिस ५५०, थ्रॉटल बॉडी सफाई ४५०, टेफ्लॉन कोटिंग ५००. मजुरीवर १८ टक्के जीएसटी. "करून टाकू का सर? संध्याकाळी मिळेल."

मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण माझ्या गाडीला कार्ब्युरेटर आहे एवढं कळतं. थ्रॉटल बॉडी असते ती इंजेक्शनच्या गाडीला. जी वस्तू गाडीत नाही तिच्या सफाईचे साडेचारशे लागले होते. पोरगा ओशाळला, म्हणाला, "सिस्टिममध्ये बाय डिफॉल्ट येतं." लगेच ती ओळ काढलीही. त्याने मला फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्याने गाडी उघडलीच नव्हती, एवढंच. न उघडता लिहायचं तर सगळंच लिहावं लागतं.

दुरुस्तीचा भाव बरोबर आहे की नाही हे आपण ठरवतो कसं? शेजारच्याला विचारतो, "तुझे किती घेतले?" त्याची गाडी वेगळी, बिघाड वेगळा, तरी त्याचा आकडा कमी निघाला की आपण लुटले गेलो. नाहीतर एकूण रकमेतून शे-दोनशे कमी करून घेतो आणि जिंकल्यासारखे घरी येतो. मीही आयुष्यभर हेच केलं. या वेळी ठरवलं की गाडी उघडते तिथे स्टूल टाकून बसायचं.

सिंहगड रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत मामांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, आत कॉम्प्रेसर, भिंतीवर आकारमानाने टांगलेले पाने, आणि बाहेर फुटपाथवर चार गाड्या. मामांना सगळी गल्ली मामाच म्हणते. त्यांनी गाडी चालवून पाहिली ती फक्त कोपऱ्यापर्यंत, तीही तीनदा थांबून आणि तीनदा निघून. "क्लचमध्ये आहे. पण काय आहे ते उघडल्यावर. उघडायचे, साफ करायचे, बसवायचे साडेतीनशे. आत काही निघालं तर बोलू."

डाव्या बाजूची किक काढली, मग आठ नंबरच्या पान्याने कव्हरचे बोल्ट. प्रत्येक बोल्ट त्यांनी पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून त्या-त्या जागी खोचून ठेवला, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते. कव्हर निघालं आणि आतून तव्याच्या बुडासारखी काळी पूड सांडली. ती बेल्टची आणि क्लचच्या लायनिंगची झीज.

गिअर नसलेल्या स्कूटरचा सगळा कारभार या कव्हराखाली चालतो. पुढे एक पुली, मागे एक, मध्ये बेल्ट. पुढच्या पुलीच्या पोटात सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीची थाळी ढकलतात, आणि बेल्ट वर चढतो. आपण ज्याला वेग येणं म्हणतो ते हेच. मागच्या पुलीवर क्लचचे शू, आणि त्यांच्यावर पालथी घातलेली लोखंडी वाटी. शू पसरून वाटीला धरतात तेव्हा चाक फिरतं.

मामांनी सहाही रोलर कालच्या पेपरवर ठेवले आणि एकेकाला बोटाने टिचकी मारली. नवा रोलर असता तर घरंगळत पेपरच्या कडेला गेला असता. माझा पहिला अर्धा फेरा फिरला आणि टक्कन बसला. दुसराही बसला. चौथा तर जागचा हललाच नाही. प्रत्येकाला एका बाजूला चपटा पट्टा पडलेला, सहाणेवर घासल्यासारखा. मग बेल्ट उलटा वाकवून दाखवला. दातांच्या खाचांत बारीक भेगा होत्या, सरळ धरला की दिसत नव्हत्या. "हे दोन्ही गेले," मामा म्हणाले. म्हणजे बेल्ट आणि रोलरच्या बाबतीत सर्व्हिस सेंटरचा अंदाज बरोबर होता.

मी विचारलं, "बेल्ट बदलायची मजुरी वेगळी आणि रोलरची वेगळी असते का?"

मामा हसले. "बेल्ट काढायचा तर पुढची पुली सोडावीच लागते. पुली सोडली की रोलर हातातच येतात. त्याचे अडीचशे कशाचे? क्लचचे शू मात्र वेगळे. तिथे स्प्रिंग दाबून धरून मोठा नट काढावा लागतो, हात सटकला तर दात जातील. त्याचे मी वेगळे घेईन."

मला तरी बिल वाचायची किल्ली इथे सापडली. पार्टची किंमत खोक्यावर छापलेली असते. मजुरी छापलेली नसते, ती उघडण्याला लागते. एकदा उघडल्यावर वाटेत जे-जे हाताला लागतं, त्या प्रत्येकाला पुन्हा उघडण्याची मजुरी लागली असेल तर तिथे बोट ठेवावं. मोटारीतही हेच. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवला असेल तर त्याच वेळी बदललेल्या रिलीज बेअरिंगला गिअरबॉक्स उतरवण्याची दुसरी मजुरी लागायचं कारण नाही. म्हणून बिल हातात आलं की एकच विचारावं : यासाठी वेगळं काय उघडलं?

आता थरथर. मामांनी वाटी माझ्यापुढे तिरकी धरली. आतली भिंत आरशासारखी चकाकत होती. "इथे दोष आहे. चकाकी आली की शू आधी सटकतात, मग एकदम धरतात. सटकतात, धरतात. तीच तुमची हुडहुडी." त्यांनी शूचं लायनिंग नखाने मोजल्यासारखं पाहिलं. अजून शिल्लक होतं. मग पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि वाटीला आतून गोल-गोल मारायला लागले. चकाकी जाऊन करडा, खरखरीत पट्टा येईपर्यंत. नंतर शूवरही हलका हात. पंधरा मिनिटं गेली असतील. १,६५० ची असेंब्ली आणि ६२० ची वाटी, म्हणजे २,२७० रुपयांची खरेदी, या पंधरा मिनिटांत टळली. पेपरचा तुकडा फार तर पाच रुपयांचा.

फिल्टरच्या बाबतीत मात्र मी तोंडघशी पडलो. "याला नुसती हवा मारली तर?" असं मी शहाणपणाने विचारलं. मामांनी फिल्टर उजेडात धरला. हा तेल लावलेल्या कागदाचा असतो. हवा मारली की तेल उडतं आणि धूळ आत शिरते. हा बदलायचाच, २४० च्या २४०. सर्व्हिस सेंटर इथेही बरोबर होतं.

पार्ट आणायला मामांनी मलाच नाना पेठेत पिटाळलं. "तुम्हीच आणा, म्हणजे डोक्यात किडा राहणार नाही." पुण्यात दुचाकीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेला पर्याय नाही. दुकानदाराने जुना बेल्ट हातात घेतला आणि काउंटरवर तीन बेल्ट मांडले. एक गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, एक बेल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि एक नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला, त्यावर ना किंमत ना नाव. मी पहिला उचलला. छापील ५६०. "कोणाकडून आलात?" मी मामांचं नाव सांगितलं. "मग ४९० द्या."

म्हणजे मामांनी स्वतः आणून माझ्याकडून ५६० घेतले असते, तर सत्तर त्यांना सुटले असते. ही लबाडी आहे का? मला नाही वाटत. ते जाऊन येतात, पेट्रोल जाळतात, आणि बेल्ट महिन्यात तुटला तर मी नाना पेठेत नाही, त्यांच्या दारात उभा राहणार असतो. छापील किमतीच्या आत जे सुटतं ते त्यांचं. लबाडी असते ती कंपनीच्या रिकाम्या खोक्यात पिशवीतला माल घालून देण्यात, नाहीतर छापील किमतीवर पुन्हा जीएसटी लावण्यात. एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात; वर कर मागितला तर सरळ नाही म्हणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ होता, त्यामुळे जुन्या छपाईचं खोकं कोणी पुढे केलं तर नवा दर विचारून घ्यावा. मामांसारख्यांच्या चिठ्ठीवर जीएसटी नसतो, त्यातही चोरी नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही.

परतलो तर माझी गाडी तशीच उघडी आणि मामा एका मोटरसायकलपुढे उकिडवे बसलेले. मालक खाण्याची पार्सलं पोचवणारा, विशीतला. गाडी चालता-चालता मध्येच बंद पडायची, आपोआप सुरू व्हायची. आधी दुसरीकडे दाखवून त्याने प्लग बदलला होता, मग कॉइल. साडेसातशे गेले, दुखणं तसंच.

मामांनी सीट काढली, टाकी उतरवली. टेस्ट लॅम्पची पिन एकेका जोडाला लावून पाहिली. दिवा लागायचा. फ्यूज पाहिला, किल्लीचा स्विच पाहिला. लागायचाच. तास झाला. मध्ये माझ्या आठवणीने एक चहा झाला. मग त्यांनी गाडी चालू ठेवून हँडल सावकाश उजवीकडे वळवलं. भुक्क. डावीकडे आणलं, किक मारली, सुरू. पुन्हा उजवीकडे, पुन्हा भुक्क. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा जिथे वळतो तिथली टेप त्यांनी ब्लेडने सोलली. आत एक वायर, वरचं आवरण घासून गेलेलं, तांबं उघडं, वळताना लोखंडाला टेकणारं. तुकडा कापला, नवा जोडला, टेप मारली.

"किती मामा?"

"तीनशे."

"टेपचे तीनशे?"

पोरगा उर्मट नव्हता. दिवसभराच्या कमाईतून द्यायचे होते, खरोखरच कळवळून बोलला. घासाघीस होऊन दोनशेवर तुटलं. मामांनी घेतले आणि काही न बोलता हात पुसले. मी मनात हिशेब करत होतो. प्लग आणि कॉइलचे साडेसातशे याच पोराने मुकाट्याने दिले होते, कारण हातात खोकं आलं होतं. दीड तास शोधण्याचं खोकं नसतं. मामांनी तिसरी कुठली वस्तू त्याच्या गाडीला ठोकली असती तर पैसेही जास्त सुटले असते आणि कटकटही झाली नसती. मेकॅनिक पार्ट बदलत सुटतात म्हणून आपण बोंब मारतो, पण ही सवय त्यांना लावली कोणी? मजुरीला हात आखडणारं गिऱ्हाईक तेच पैसे पार्टमध्ये भरतं, वर जास्तीचे भरतं.

सगळंच मामांकडे न्या असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत इंजेक्शन आणि सेन्सर आले. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं बोलत नाही आणि मामांकडे स्कॅनर नाही. "नवी गाडी असेल तर शोरूमलाच न्या," हे तेच सांगतात. वॉरंटीतल्या गाडीला बाहेर हात लावू नये, हेही. पण कुठेही न्या, काम सुरू होण्याआधी लेखी अंदाज घ्या. वाढीव काम निघालं तर फोन आल्याशिवाय करायचं नाही, असं जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि काढलेला पार्ट परत मागा. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेवढ्यावरूनही बरंच कळतं. केलेल्या कामाचं बिल न देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. अडलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

माझ्या गाडीचं कव्हर साडेपाचला बंद झालं. बेल्ट, रोलर, फिल्टर मीच नाना पेठेतून आणले होते, तिन्ही मिळून ९७० रुपये. दोन्ही ऑइलं मामांची, छापील किमतीत ४८०. मजुरी उघडण्याची साडेतीनशे, वाटी आणि शू घासण्याचे शंभर. एकूण १,९००. या रकमेत टेफ्लॉन नाही आणि जनरल सर्व्हिसही नाही, हे सर्व्हिस सेंटरशी तुलना करताना धरलं पाहिजे. ते धरूनही फरक मोठाच राहतो. सिग्नलला दोनदा मुद्दाम थांबून निघालो. हुडहुडी गेली होती.

मामांनी हिशेब बेल्टच्या खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून दिला होता. घरी आल्यावर वाचला. आकडे संपल्यावर खाली आणखी एक ओळ होती : "क्लच शू बदलले नाहीत. माल शिल्लक आहे. ५०,००० ला उघडून बघणे." तो पुठ्ठा मी आरसी बुकाबरोबर ठेवलाय.